दारात आलेल्या भुतांना काय द्यावं?

ताई,

गेल्या उन्हाळ्यात आम्ही न्यू जर्सीतच अपार्टमेंट सोडून टाउनहाउसमध्ये राहायला आलो. हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, भुताखेतांचे वेश करून दारोदार खाऊ मागणारं कुणी अपार्टमेंटमध्ये जिने चढून वर येत नसे, त्यामुळे दारात आलेल्या मुलांना काही द्यायची माझी ती पहिलीच वेळ. माझ्या वडिलांना चाळिशीतच मधुमेह झाला, सासरीही तेच. साखरेची मला खरोखर धास्ती आहे. म्हणून मी मनुकांच्या छोट्या डब्या आणल्या, आणि घरी गुळातले राजगिऱ्याचे लाडू वळून एकेक प्लास्टिकच्या कागदात बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले, तर निम्मे लाडू कोपऱ्यावरच्या झुडपात आणि डब्या साइडवॉकवर. माझी सात वर्षांची मुलगी शाळेतून रडत आली. बसमध्ये कुणीतरी आमच्या घराला 'रेझिन हाउस', मनुकांचं घर, म्हणालं होतं.

यंदा नवरा म्हणतो, कॉस्टकोतून चॉकलेटची मोठी पिशवी आण आणि विषय संपव. सासूबाई साताऱ्याहून आल्या आहेत. त्या म्हणतात, दारात आलेल्या लेकराच्या हातावर गोडच ठेवायचं असतं, आपण शेंगदाण्याची चिक्की करू. मला दोन्ही पटत नाही. कँडीऐवजी असं काय देऊ, की जे मुलं फेकणार नाहीत आणि माझ्याही मनाला बोचणार नाही?

आणखी एक. मुलगी स्वतः पिशवी भरून जे आणते त्याचं काय करायचं? गेल्या वर्षी ती झोपल्यावर मी पिशवी गुपचूप निम्मी केली. तिला कळलं.

— साखरेची धास्ती घेतलेली एक आई, एडिसनजवळून

*

लाडू झुडपात गेले यात तुझ्या हाताचा काही दोष नाही. त्यांची चव कुणी घेतलीच नव्हती. इथल्या मुलांना बालवाडीपासून बजावलेलं असतं, की हॅलोवीनला कारखान्यातून बंद पाकिटात आलेलं तेवढंच खायचं. घरी केलेलं काही पिशवीत पडलं तर ते आईबाबांना दाखवायचं, आणि आईबाबा ते न चाखता कचऱ्यात टाकतात. तुझ्याकडे आलेल्या मुलांनी ते काम वाटेतच उरकलं.

या भीतीचा एक धागा तुझ्याच राज्यात सापडतो. १९६०च्या दशकात सफरचंदात दाढीचं पातं लपवून मुलांना दिल्याच्या बातम्या फार पसरल्या, आणि १९६८ साली हॅलोवीनच्या तोंडावर न्यू जर्सीच्या विधिमंडळाने असं करणाऱ्याला तुरुंगात धाडणारा कायदाच केला. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी पुढे १९५८ पासूनच्या अशा बातम्या एकेक करून तपासल्या. अनोळखी माणसाने हॅलोवीनच्या खाऊत विष घालून मूल मारल्याची एकही खरी घटना त्यांना सापडली नाही. सगळ्यात गाजलेलं प्रकरण १९७४चं, टेक्सासचं. त्यात रोनाल्ड ओब्रायन नावाच्या बापाने विम्याच्या पैशासाठी स्वतःच्याच आठ वर्षांच्या मुलाला कँडीच्या नळीतून सायनाइड दिलं होतं. म्हणजे परक्याच्या दाराची भीती आणखी पक्की झाली ती एका बापाच्या करणीने. तरीही नियम बसला तो बसलाच. तुझ्या मुलीच्या पिशवीत उद्या कुणा अनोळखी घरचा हाताने वळलेला लाडू निघाला तर तूही तो तिला देणार नाहीस. तेव्हा घरी केलेलं काहीही, कितीही प्रेमाने केलेलं असो, यातून वगळू.

आता मनुका. इथे तुझा हिशेबच चुकला आहे.

मनुकांची ती छोटी लाल डबी साधारण १४ ग्रॅमची असते आणि तिच्यात सुमारे ९ ग्रॅम साखर असते. हॅलोवीनला वाटतात त्या बोटभर स्निकर्स चॉकलेटमध्ये ती ८-९ ग्रॅमच असते. दोन्हीकडे दोन चमचे. मनुकांची साखर फळातली आहे, तिच्याबरोबर थोडा चोथा, थोडं पोटॅशियम येतं, हे मान्य. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहा असं सांगितलं आहे ते वरून घातलेल्या साखरेबद्दल, त्यात मनुका धरत नाहीत. पण दातांना हा भेद कळत नाही. मनुका दाढेच्या खाचेत चिकटून बसते, चॉकलेट निदान विरघळून जातं. दंतवैद्याला विचारशील तर या दोघांत तो मनुकांची बाजू घेईलच असं नाही.

आणि गूळ! आपल्याकडे गुळाला सगळे गुन्हे माफ असतात. त्यात थोडं लोह असतं, थोडी खनिजं असतात, पण बाकी तो साखरच. त्या २५ ग्रॅममध्ये गूळ पुरेपूर मोजला जातो. राजगिरा उत्तम, त्याबद्दल वाद नाही. ते लाडू तुझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यात ठेव आणि मुलगी शाळेतून भुकेली आली की तिच्या हातावर ठेव. तिथे ते झुडपात जाणार नाहीत.

तू पुढच्या वेळी दुकानात गेलीस की आणखी काही गोष्टी 'हेल्दी' म्हणून तुला खुणावतील, त्यांच्यापासूनही सावध राहा. फ्रूट स्नॅक्सच्या पुड्यांवर द्राक्षं नि स्ट्रॉबेरी छापलेल्या असतात. पाठीमागे घटक वाचलेस तर कॉर्न सिरप आणि साखर सापडेल, आणि नेहमीच्या आकाराच्या एका पुडीत १० ग्रॅमच्या आसपास साखर. दह्याचा लेप दिलेल्या मनुकांवरचा लेप म्हणजे मुख्यतः साखर आणि तेल. ग्रॅनोला बार म्हणजे बहुतेक वेळा ओट्स घातलेलं बिस्किट. यातलं काही विष नाही, पण कँडीपेक्षा वरचढही नाही. वर मुलं नाराज होणार. कँडी न दिल्याचा वाईटपणा घ्यायचा आणि साखर तेवढीच वाटायची, हा सौदा मला तरी परवडत नाही.

सासूबाईंच्या चिक्कीबद्दल मात्र मी ठाम आहे, आणि हे त्यांना वाचून दाखव. अमेरिकेत अन्नाच्या ज्या नऊ घटकांची ॲलर्जी कायद्याने वेष्टनावर लिहावी लागते त्यांत शेंगदाणे आहेत, काजू-बदामासारखा सुका मेवा आहे, दूध, अंडी, गहू, सोया, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले जलचर आहेत, आणि नववे तीळ. तीळ २०२१च्या कायद्याने या यादीत आले आणि २०२३च्या १ जानेवारीपासून त्यांची नोंद सक्तीची झाली. म्हणजे शेंगदाण्याची चिक्की गेली, तिळाची वडी गेली, काजूकतली गेली, तुपातलं सगळं गेलं. आपल्या गोडाच्या डब्यात राहिलं काय? साताऱ्यात दारात आलेल्या पोराला चिक्की देताना कुणी हा विचार करत नाही. इथे जवळपास प्रत्येक वर्गात एखाददुसऱ्या मुलाला कुठल्या ना कुठल्या खाण्याची ॲलर्जी असते, आणि त्यांतल्या काहींना शेंगदाण्याने श्वास कोंडून इस्पितळात न्यावं लागतं. असं मूल स्पायडरमॅनचा मुखवटा घालून तुझ्या दारात उभं असेल तर तुला ते ओळखू येणार नाही. त्याच्या आईने रोजच्यासारखीच एपिनेफ्रिनची, ॲलर्जीचा झटका आवरणारी सुई पर्समध्ये घेतलेली असेल, आणि त्या रात्री घरी गेल्यावर ती पिशवीतला प्रत्येक तुकडा उलटून वाचेल.

अशा मुलांसाठीच 'टील पंपकिन प्रोजेक्ट' निघाला. टेनेसीच्या पूर्व भागातल्या, ॲलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांच्या एका गटाने २०१२च्या सुमारास ही कल्पना काढली आणि २०१४ पासून 'फेअर' या अन्नॲलर्जीवर काम करणाऱ्या संस्थेने ती देशभर नेली. पायरीवर हिरवट निळ्या रंगाचा भोपळा ठेवायचा. त्याचा अर्थ, या घरी खाण्याव्यतिरिक्त काहीतरी आहे. तुझं उत्तर मला इथेच सापडतं. साखर कमी असलेला खाऊ शोधत बसू नकोस. खाऊच नको.

मुलं फेकतील, असं म्हणशील. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमकं हेच पाहिलं होतं. कनेक्टिकटमधल्या काही घरांच्या दारात हॅलोवीनला ३ ते १४ वर्षांच्या २८४ मुलांपुढे दोन ताटं धरली, एकात कँडी आणि दुसऱ्यात छोटी खेळणी. एकच उचलायचं. जवळजवळ निम्म्या मुलांनी खेळणं उचललं, आणि त्यात मुलगे-मुली असा फरक दिसला नाही. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. आता नीट बघ, त्या मुलांपुढे पेन्सिल-स्टिकर होतेच, पण अंधारात चमकणारे किडे आणि ताणले जाणारे भोपळ्याचे बाहुलेही होते. संध्याकाळभर गोडाने भरलेल्या पिशवीत मुलाला आणखी गोडाचं अप्रूप उरत नाही. वेगळं काहीतरी दिसलं की हात तिकडे जातो. गेल्या वर्षी तुझं घर वेगळंच होतं, फक्त मजेच्या बाजूने नव्हतं.

मला एकच वस्तू सुचवायची असेल तर मी हातात घालायची चमकणारी कडी सुचवेन. ग्लो ब्रेसलेट, वाकवलं की कट्ट आवाज होऊन उजळणारं. शंभर-शंभरच्या नळ्यांनी मिळतात, एका मुलामागे काही सेंट पडतात. दारातच मुलाच्या मनगटावर अडकवून दे, हातात नुसती कांडी देऊ नकोस. याला मजेपलीकडचं कारण आहे. अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या जीवघेण्या रस्ते अपघातांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा हॅलोवीनच्या संध्याकाळी पायी चालणारा माणूस गाडीखाली मरण्याचा धोका आगेमागेच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी तो सर्वांत जास्त. तुमच्याकडे ३१ ऑक्टोबरला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मुलं काळ्या झग्यात असतात, मुखवट्याच्या भोकांतून धड दिसत नाही, आणि कामावरून परतणाऱ्या गाड्या त्याच वेळी कॉलनीत शिरतात. साखरेने त्या रात्री कुणाचं काही बिघडत नाही. तू आरोग्याचाच विचार करत होतीस ना? मग लेकराच्या मनगटावर उजेड बांध.

कडं हे एक झालं. तेवढ्यावर भागेल, पण टोपलीत विविधता असली की मुलं रेंगाळतात. अंगावर चिकटवायचे टॅटू, साबणाच्या फुग्यांच्या बारक्या बाटल्या, प्लास्टिकचे कोळी बसवलेल्या अंगठ्या, ड्रॅक्युलाचे दात, छोटे पत्त्यांचे जोड. कोळ्याच्या अंगठ्यांना कधीच मरण नाही, का ते मला आजवर उमगलेलं नाही. पेन्सिली सुमारच. आईबापांना आवडतात, मुलांना नाही, आणि 'रेझिन हाउस'चं 'पेन्सिल हाउस' व्हायला वेळ लागत नाही. भुताची चित्रं असलेली असेल, डोक्यावर गमतीदार खोडरबर असेल तर चालेल, नुसती पिवळी नको. दात घासायचा ब्रश तर मुळीच देऊ नकोस. दंतवैद्यांनासुद्धा हे माफ होत नाही.

काही वस्तू मात्र स्वस्त आणि आकर्षक दिसल्या तरी घेऊ नकोस. लुकलुकणाऱ्या दिव्याच्या अंगठ्यांत बटन सेल असतो. हलक्या मालात त्याचं झाकण सहज उघडतं, आणि गिळला तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांत ती जाळू शकतो. चुंबकाचे मणी नकोत, पाण्यात फुगणारे मणी नकोत. उसळणारे छोटे चेंडू मोठ्या मुलांना छान, पण तीन वर्षांखालच्यांच्या घशात अडकण्याच्या नेमक्या मापाचे. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती त्या वयाला द्यायची नाही, ही चाचणी घरबसल्या होते. अगदी लहानग्यांसाठी मोठाले स्टिकर वेगळे ठेव. चमकणारी कडीही त्यांनी चावली तर आतल्या द्रवाने तोंड चुरचुरतं, ती त्यांच्या आईच्या हातात दे. आणि प्ले-डोचे, म्हणजे खेळायच्या रंगीत मऊ मातीचे, छोटे डबे मोहात पाडतील, पण त्यात गहू असतो, तेव्हा निळा भोपळा लावून ते देणं बरं नाही.

नवऱ्याचं म्हणणं मी पूर्ण मोडीत काढणार नाही. दुसरं भांडं ठेवा. त्यात छोटी चॉकलेटं, शेंगदाणा नसलेली, थोडीच. बारा-तेरा वर्षांची लांबलचक पोरं आवाज फुटलेला असताना येतात. त्यांच्या हातावर कोळ्याची अंगठी ठेवलीस तर ती तुझ्याकडे दयेने बघतील. त्यांना चॉकलेट घेऊ दे. दोन भांडी एकमेकांपासून लांब ठेवायची, एकात एक मिसळायची नाहीत, आणि 'एक इकडचं किंवा एक तिकडचं' असं मुलांनाच निवडू द्यायचं. कुणाला काय ॲलर्जी आहे हे विचारायची वेळच येत नाही. पण कॉस्टकोची ती महाकाय पिशवी आणू देऊ नकोस. उरलेलं कोण खाणार ते तुम्हा दोघांनाही माहीत आहे, आणि घरात मधुमेहाचा इतिहास आहे. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन इतरांना बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ झाला की मधुमेहाची तपासणी करायला सांगते, आपल्यासारख्या आशियाई वंशाच्या प्रौढांना २३लाच. तुम्ही दोघांनी ती केली आहे का? मुलीच्या पिशवीपेक्षा मला त्या रिपोर्टची काळजी जास्त वाटते.

खाण्याचंच काही द्यायचं असा सासूबाईंचा हट्ट राहिला तर बंद पाकिटातले छोटे प्रेट्झेल किंवा पॉपकॉर्न त्यातल्या त्यात बरे. प्रेट्झेलमध्ये गहू आहे, आणि पॉपकॉर्न चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतो म्हणून बालरोगतज्ज्ञ तो देऊ नका म्हणतात, हे लक्षात ठेव. सालावर काळ्या पेनाने भोपळ्याचं तोंड काढलेली छोटी संत्री दिसायला गोड दिसतात, पण ती फक्त रोजच्या ओळखीच्या घरांसाठी. अनोळखी मुलाच्या पिशवीतून सुटं फळ कचऱ्यातच जातं, १९६८ अजून संपलेलं नाही.

सासूबाईंना हौस भागवायला आणखी दोन जागा आहेत. एक, मुलांमागे साइडवॉकवर थंडीत कुडकुडत उभे असलेले आईबाप. त्यांना कुणी विचारत नाही. आलं घातलेल्या चहाचा मोठा थर्मास आणि कागदी पेले पायरीवर ठेवा, सासूबाईंनाच ओतू दे. त्यात दूध आहे, चहा आहे, हे मोठ्या माणसांना सांगता येतं आणि ती स्वतःचं स्वतः ठरवतात. एका संध्याकाळीत त्यांची अख्ख्या कॉलनीशी ओळख होईल. दुसरी जागा दिवाळी. ती हॅलोवीनच्या मागेपुढेच असते. २०२४ साली तर नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली होती, पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी चेटकिणीचा झगा. ज्या शेजाऱ्यांशी खरी ओळख झाली आहे त्यांना दिवाळीत फराळाचा डबा द्या, वर चिठ्ठी लावून: चकली, यात तीळ आहेत. चिवडा, यात शेंगदाणे आणि काजू. ओळखीच्या घरून, नावानिशी आलेलं घरगुती खाणं हे लोक मजेत खातात. चिक्की तिथे चालेल.

आता मुलीची पिशवी. ती झोपल्यावर निम्मी करणं बंद कर, आजपासून. सात वर्षांच्या मुलीला आपल्या पिशवीतल्या मालाची नोंद पाठ असते, आणि चोरून कमी झालेली वस्तू ती चोरून खायला शिकते. गादीखाली कागद सापडू लागले की तू मला दुसरं पत्र लिहिशील.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी यावर एक रीत सांगितली आहे, आणि ती मला शहाणपणाची वाटते. पहिल्या रात्री मुलीला सगळं जमिनीवर मांडू दे, रंगानुसार लावू दे, हवं तेवढं खाऊ दे. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग पिशवी ठेवून द्यायची, आणि पुढे जेवणाबरोबर एकदोन छोटे तुकडे, चार वाजताच्या खाण्याबरोबर तिला हवे तेवढे. हा नियम ती पाळत असेल तर पिशवी तिच्या ताब्यात, नाही पाळला तर तुझ्या. तुला पहिली रात्र जड जाईल हे मला दिसतंय. बाहेर पडण्याआधी मात्र तिला पोटभर जेवू घाल. खिचडी, पोळीभाजी, काहीही, पण पोट भरलेलं हवं. भरल्या पोटी 'हवं तेवढं' पुष्कळ कमी होतं. दातांच्या दृष्टीनेही जेवणानंतर एकदम खाल्लेलं बरं, तेव्हा लाळ भरपूर असते. दिवसभर एकेक टॉफी चघळत फिरणं सगळ्यात वाईट. आणि त्या रात्री ब्रश करताना तू शेजारी उभी राहा.

एका रात्रीच्या कँडीने मधुमेह होत नाही. रोज सकाळचं गोड सिरिअल, डब्यातला ज्यूस, फळांच्या चवीचं दही, सॉकरनंतरचं निळं पेय यांनी वर्षभरात जे होतं ते एका ऑक्टोबरमध्ये होऊ शकत नाही. धास्तीच घ्यायची तर फ्रिज उघडून तिथून घे.

नको असलेल्या कँडीची सोय लागते. बरेच दंतवैद्य नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती वजनावर विकत घेतात, आणि 'ऑपरेशन ग्रॅटिट्यूड'सारख्या संस्थांमार्फत ती सैनिकांना जाते. मुलीला स्वतः वजन करून पैसे मोजू दे. रात्री कँडी ठेवून सकाळी त्या जागी खेळणं सापडणारी 'स्विच विच' हल्ली फार चालते. मला ती फारशी पटत नाही. दात नेणारी परी, भेटवस्तू आणणारा सांता, आणि आता कँडी नेणारी चेटकीण. मुलांच्या घरात इतकी वर्दळ कशाला? पण तुझी मुलगी स्वतः मागत असेल तर असू दे.

एक राहिलंच. साइडवॉकवर पडलेल्या त्या मनुका तू उचलल्यास ना? कुत्र्यांना मनुका आणि द्राक्षं विषारी असतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेटही तसंच घातक, आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेला च्युइंगगमही. तुमच्या गल्लीत सकाळी कुत्री फिरवणारे शेजारी असणारच. तेव्हा १ नोव्हेंबरला उजाडताच एक फेरी मारून घे, वाटेत काय पडलंय ते बघ.

आणि यंदाची खरेदी मुलीलाच करू दे. बसमध्ये जे ऐकावं लागलं ते तिला लागलं होतं, तुला नाही. तिला बजेट सांग, वर लिहिलेल्या नको त्या वस्तू समजावून सांग, आणि बाकी तिच्यावर सोड. भोपळाही तिलाच रंगवू दे, निळा रंग हार्डवेअरच्या किंवा हस्तकलेच्या दुकानात मिळतो. ३१ तारखेला पाचच्या सुमारास पोर्चचा दिवा लावायचा, दिवा लागलेला असेल तिथेच मुलं येतात. टोपली रिकामी झाली किंवा साडेआठ वाजले की तो बंद. उरलेली कडी आणि टॅटू तिच्या पुढच्या वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टच्या पिशव्यांत जातील. ते नासत नाहीत.